बिनआवाजी वीजपुरवठा

बेस गिटार वाजवणाऱ्या बाईला आमच्या बीडमध्ये पहिला प्रश्न विचारतात तो असा: "मॅडम, ह्याला दोन तारा कमी कावून?" दुसरा प्रश्न: "तुटल्या का?" तिसरा कुणी विचारत नाही, कारण तोवर माझा चेहरा जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेचा झालेला असतो आणि विचारणाऱ्याला आपण अजून चौथीत आहोत असं वाटायला लागतं.

माझ्या गिटारला चारच तारा आहेत, त्या जाड आहेत आणि त्यांचा आवाज कानापेक्षा पोटात जास्त जातो. सुंदररावमामांच्या भीमगीतांच्या पार्टीत मी ती वाजवते. मामा स्वतः गाणी रचतात आणि गातात, माझा धाकटा भाऊ प्रवीण कीबोर्ड वाजवतो, ढोलकीला हरिबा असतो. कार्यक्रम संपल्यावर लोक मामांच्या पाया पडतात, प्रवीणसोबत फोटो काढतात, हरिबाला पान देतात आणि मला विचारतात, "तुमी काय वाजवत होतात?" ह्यावर मी नाराज नाही. मान असा मागून मिळत नसतो. पण नोंद असावी म्हणून सांगितलं.

माझ्या पायाशी एक फळी असते. जुन्या कपाटाचा कप्पाच आहे तो. त्याच्यावर चार लोखंडी डब्या बसवल्यात, त्यांना पेडल म्हणतात. पायानं दाबलं की एक डबी आवाज एकसारखा धरते, दुसरी त्याला जरा खरखरीत करते, तिसरी पसरवते, आणि चौथी नुसती दिवा लावून सांगते की तार सुरात आहे की नाही. ह्या चौघींना वीज लागते. मी सगळ्यांना मिळून एकच अडॅप्टर लावला होता, एका वायरीला चार फाटे काढून. आणि तो अडॅप्टर चालू केला की माझ्या भल्यामोठ्या स्पीकरमधून एक आवाज यायचा. हूंऽऽऽऽ. गाणं असो, भाषण असो, दोन मिनिटं स्तब्धता असो. श्रद्धांजलीच्या स्तब्धतेत तर तो फारच भरून यायचा.

हे आम्ही कितीतरी दिवस चालवून घेतलं. मग मामांच्या फुफ्फुसात गाठ निघाली.

मोठ्या दवाखान्यात नेलं, सलाईनमधून औषधं सुरू झाली. मामांचे केस गेले, मिशी गेली, आवाजाची वरची पट्टी गेली. तरी ते गायचे. दोन ओळी म्हणायचे, थांबायचे, श्वास गोळा करायचे, पुढच्या दोन म्हणायचे. आणि तेवढ्यात चौसाळ्याहून निरोप आला: विहारात वाचनालयाचं उद्घाटन आहे, सुंदरराव आले पाहिजेत. प्रवीण म्हणाला, "ताई, ह्या टायमाला रेकॉर्डिंग करू. नीट. प्रत्येकाचा आवाज वेगळा घेणारा माणूस आणतो." ह्या टायमालाच का, हे तो बोलला नाही. मीही विचारलं नाही. मी फक्त म्हणाले, "मग ही गुणगुण घालवली पाहिजे." दुःखाच्या प्रसंगी माणसाला काहीतरी दुरुस्त करायला लागतं, तसं मला तो अडॅप्टर लागला.

पहिली चूक मी अशी केली, की गच्चीवर कपडे वाळत घालताना हा विषय काढला.

आमचे शेजारी मोहनराव माजी सरपंच आहेत. गाव सोडून शहरात राहायला आले, पण सरपंचकी बरोबर घेऊन आले. कॉलनीत कुणाच्या घरी कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी ते कंपाउंडवरून चौकशी करतात. त्यांनी माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं नाही. त्यांना तशी गरज पडत नाही.

"मॅडम, ही अर्थिंग हाय," ते म्हणाले. "आमच्या मळ्यात मोटर अशीच गुणगुणायची. मी म्हनलं खड्डा घ्या. खड्डा घेतला, मोटर गप."

"पण काका, हे नऊ व्होल्टचं आहे. मोबाईलच्या चार्जरसारखं."

"वीज ती वीज. लहान इंचू काय अन् मोठा इंचू काय."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येईपर्यंत आमच्या परसात आश्रुबा वायरमन कमरेइतक्या खड्ड्यात उभा होता. माझा नवरा सौरभ त्याला वरून चहा देत होता. सौरभ स्वभावानं असा आहे, की घरात कुणी खड्डा खणायला लागलं तर आधी चहा विचारतो आणि मग कारण. खड्ड्यात तांब्याची पट्टी गेली, वर कोळसा, वर मीठ. मोहनराव कंपाउंडवरून म्हणत होते, "आजून मीठ. लई कंजूषी करू नका. मिठानं धरतंय ते." शेजारच्या विमलबाई, म्हणजे मोहनरावांच्या मंडळी, म्हणाल्या की मीठ घालताच आहात तर दोन मिरच्या पण टाका, मामांना कुणाची तरी नजर लागलीय. मी बुद्धाच्या घरातली बाई, नजर-बिजर मानत नाही. पण त्यांच्या आवाजात खरी कळकळ होती, म्हणून मिरच्यांबद्दल गप्प बसले. त्यांनी टाकल्या.

शेवटचा घाव आश्रुबानं पहारीनं घातला आणि नळाची पाइप फोडली.

आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. ते येतं तेव्हा सण असतो. बायका रजा टाकतात. त्या आठवड्यातलं पाणी नेमकं त्या संध्याकाळी सुटलं, आणि सगळ्या गल्लीचं पाणी माझ्या मिठाच्या खड्ड्यात शिरलं. लोक हंडे घेऊन माझ्या दाराशी उभे. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. सगळे नुसते बघत होते आणि एक म्हातारी दुसरीला सांगत होती, "मास्तरीनबाईच्या गिटारीला पानी लागतंय म्हनं."

पाइप जोडली. कडेचं लिंबाचं झाड मिठानं वाळलं. आणि संध्याकाळी मी अडॅप्टर लावला, तर हूंऽऽऽऽ. पूर्वीपेक्षा गंभीर. मोहनराव ऐकून म्हणाले, "बघा, फरक पडला."

त्या दिवसांत मामांची तिसरी की चौथी सलाईन होती. मी त्यांना बघायला गेले होते. ते खाटेवर उशाला टेकून बसले होते, हातावर निळे डाग. मामी, म्हणजे मुक्ताबाई, खाली बसून तांदूळ निवडत होत्या. मी मामांना खड्ड्याची सगळी हकिगत सांगितली. त्यांना हसवावं म्हणून जरा वाढवूनही सांगितली. ते माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते आणि भलत्याच ठिकाणी हसत होते. मला वाटलं, औषधाची गुंगी. शेवटी म्हणाले, "असू दे की ती गुनगुन, अंजे. कुनाला तरास हाय तिचा?" मला वाटलं, मोठ्या मनाचा माणूस आहे. माझे डोळे भरून आले आणि मी आणखी जिद्दीला पेटले.

आता सौरभची पाळी होती. पाइप प्रकरणात त्याचा चहा वाया गेल्यासारखं त्याला वाटत असावं. त्यानं घरातले सगळे जुने अडॅप्टर शोधून काढले. एक इंटरनेटच्या डब्याचा, एक बंद पडलेल्या बिनतारी फोनचा, एक कशाचा हे कुणालाच माहीत नाही. "प्रत्येकीला वेगळा लावू," तो म्हणाला. कल्पना वाईट नव्हती. नवऱ्यांच्या कल्पना मुळात वाईट नसतात, अंमलबजावणीत मार खातात. ह्या पेडलांची रीत उलटी असते. बाकीच्या बहुतेक यंत्रांत मधल्या टोकाला अधिक आणि बाहेर उणे, तर ह्यांच्यात मध्ये उणे आणि बाहेर अधिक. सौरभनं इंटरनेटचा अडॅप्टर पहिल्या डबीला लावला. पिन अगदी नीट बसली. आणि डबीतून अगरबत्तीइतका बारीक, सरळ धूर निघाला.

"पिन तर बसली होती," सौरभ म्हणाला.

"पिन बसली म्हणजे पत्रिका जुळली असं नसतं," मी म्हणाले.

आवाज एकसारखा धरणारी डबी गेली. आता माझ्या आवाजात चढउतार यायला लागले. घरातही आले.

शेवटी प्रवीणनं मला समोर बसवून समजावलं. "ताई, हे एकत्र कुटुंबासारखं आहे. एका चुलीवर चौघी जावा. एकीनं फुंकलं की धूर दुसरीच्या डोळ्यात. तुला वाटणी करावी लागणार. अशी एक पेटी मिळते, आत प्रत्येकीची चूल वेगळी. एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. त्याच पेटीनं गुणगुण जाईल. बाकी सगळं खड्ड्यात घातल्यासारखं आहे."

"घातलंच आहे," मी म्हणाले.

आम्ही पेटी निवडायला बसलो. कोणती डबी किती वीज खाते ते बघितलं. दिवा लावणारी चौथी सगळ्यांत जास्त खाते, हे कळल्यावर मला माझ्या शाळेतले एकदोन जण आठवले. लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचले. "उत्तम, फक्त खोका फाटका आला" असं लिहिणाऱ्यानं एकच तारा दिला होता आणि "अजून उघडली नाही" लिहिणाऱ्यानं पाच. मी एक काळी, जड पेटी निवडली आणि दिवसा घर बंद असतं म्हणून पत्ता शाळेचा दिला.

शाळेचं गाव सांगत नाही. मुख्याध्यापक कथा वाचतात.

पेटी आली त्या दिवशी मी तालुक्याला प्रशिक्षणाला होते. आमचे मुख्याध्यापक शिवशंकर सर सरळ माणूस. इतका सरळ, की वळणावरही सरळच जातो. शाळेच्या पत्त्यावर खोका आला, सरांनी उघडला, आत काळं विजेचं यंत्र निघालं. सरांना वाटलं, डिजिटल वर्गाचं साहित्य आलं. त्यांनी ते लगेच डेडस्टॉक रजिस्टरला चढवलं: "विद्युत उपकरण, काळे, एक नग." सही केली, शिक्का मारला आणि वस्तू पृथ्वीच्या गोलाशेजारी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"सर, ती पेटी माझी आहे."

"ते खरं हाय मॅडम. पण रजिस्टरला तसं न्हाई."

"मग खोडा ना."

सरांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की जणू मी राष्ट्रगीताच्या वेळी खाली बसले. "रजिस्टरला चढलेली वस्तू खाली उतरवायची तर निर्लेखन करावं लागतं. निर्लेखनाला वस्तू निकामी पायजे. ही तर कोरी हाय."

"निकामी करून देऊ का?"

"शासकीय मालमत्तेची मोडतोड करताल व्हय?"

मी वरच्या कार्यालयात गेले. तिथल्या लिपिकानं सहानुभूतीनं ऐकलं. सहानुभूती ही आमच्या खात्यात तातडीनं मिळणारी एकमेव गोष्ट आहे. तो म्हणाला, वस्तू शाळेला कुणी दिली त्याचं दानपत्र लागेल, ते आलं की दान परत घेता येतं का यावर मार्गदर्शन मागवू. मी म्हणाले, दान केलेलंच नाही. तो म्हणाला, मग तर मार्गदर्शन लागेलच.

इकडे चौसाळ्याचा रविवार जवळ येत होता. मामांचं वजन इतकं उतरलं होतं, की नेहमीचा नेहरू शर्ट त्यांना पाहुण्याचा घातल्यासारखा दिसायचा. मी रोज शाळेत त्या कपाटासमोरून जायचे. काचेतून माझी पेटी दिसायची, पृथ्वीला टेकून. शनिवारी शाळा सुटताना मी सरांपुढे उभी राहिले आणि काहीही न ठरवता रडायला लागले. चारचौघांत, व्हरांड्यात. माझी इभ्रत तशी खड्ड्यापासून थोडी थोडी जातच होती, उरलेली तिथं गेली.

सर घाबरले. बराच वेळ ते शिक्क्याच्या डबीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, रजिस्टरला लिहिलंय काय? विद्युत उपकरण. काळे. एक नग. तुमच्याकडं दुसरं एखादं हाय का, विद्युत अन् काळं?"

तो जुना अडॅप्टर माझ्या पिशवीतच होता. पेटी सुटली नाही तर दुसरा अडॅप्टर घ्यावा, त्यासाठी ह्याच्यावरच्या अधिक-उण्याच्या खुणा प्रवीणला दाखवायच्या म्हणून घेतला होता. सरांनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला, कपाट उघडलं, पेटी बाहेर, अडॅप्टर आत, कुलूप. "आता कुनी पन येऊन मोजू द्या," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुमच्या मामांचं गाणं मी ऐकलंय. आमच्या गावाकडं. लई वर्षं झाली." आणि घाईघाईनं सायकल काढून निघून गेले.

रविवारी सकाळी आम्ही चौसाळ्याला पोचलो. विहारासमोर मांडव, मांडवामागे जनरेटर, एका बाजूला जेवणाच्या पातेल्यांना उकळी आलेली. रेकॉर्डिंगवाला तरुण कानाला यंत्र लावून वायरी पसरत होता. मी फळी मांडली, पेटी लावली, चार डब्यांना चार वायरी जोडल्या. जळालेल्या डबीच्या जागी प्रवीणनं मित्राची मागून आणली होती. स्पीकरचं बटण दाबलं.

काहीच नाही. मी वाकून स्पीकरला कान लावला. काहीच नाही. विहिरीत डोकावावं तशी शांतता. रेकॉर्डिंगवाला अंगठा दाखवून म्हणाला, "एकदम क्लीन मॅडम." इतक्या दिवसांत मला कुणी दिलेली ही पहिली शाबासकी. मी उभ्या उभ्या सुखावले.

मग मामा आले. त्यांचं वाचनालयाचं नवं गाणं होतं, त्याची पहिली ओळ ते वाद्यांशिवाय, एकट्यानं मोकळी म्हणतात. डोळे मिटून त्यांनी सुरुवात केली:

"डोईची पाटी उतर गं माये, हातात पाटी दे..."

मामा सुरात नव्हते. थोडेबहुत नाही, साफ बाहेर. पायरी समजून पाय टाकावा आणि तिथं पायरीच नसावी, तसा त्यांचा आवाज चाचपडत खाली गेला. प्रवीणनं कीबोर्डवर त्यांचा षड्ज दाबला, पांढरी पाच. मामांनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा चुकलं. हरिबा ढोलकीवर हात ठेवून जमिनीकडे बघत राहिला. तिसऱ्यांदा सुरू करून मामा मध्येच थांबले आणि माझ्याकडे वळले.

"अंजे, तुजी मशीन बंद हाय का?"

"चालू आहे मामा."

"मग आवाज येत न्हाई?"

"येऊ नये म्हणूनच नवीन आणली."

त्यांनी मान हलवली आणि हळूहळू मांडवामागे गेले. मी गिटार ठेवून मागोमाग. ते पाण्याच्या टँकरच्या सावलीत दगडावर बसले होते. मी विचारलं, "काय झालं?" त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "जाड बोल. बाप्यासारकं बोल. बारीक आवाज आता येत न्हाईत मला."

त्या सलाईनमधल्या औषधानं त्यांचे कान गेले होते. एकदम नाही. आधी पाखरं गेली, मग भांड्यांचा आवाज, मग फोन, मग कीबोर्ड, मग बायकांचं बोलणं. उरलं होतं ते फक्त खालचं, जाड. ट्रकचं इंजिन. प्रवीणचा आवाज अर्धामुर्धा. आणि माझ्या स्पीकरची गुणगुण.

"ती पांढरी पाचच्या जवळच असायची," मामा म्हणाले. "जरा चढी. पन धरायला बरी. गानं सुरू करायच्या आदी मी तीच ऐकायचो. तिच्यावर पाय ठिवायचो."

मला आठवलं, प्रवीण कितीतरी कार्यक्रमांपासून कुरकुर करत होता की मामा हल्ली किंचित चढे लागतात. आम्ही ते आजारपणावर टाकलं होतं.

"डॉक्टरला सांगितलं का नाही?" मी जमेल तितक्या जाड आवाजात विचारलं.

"सांगितलं आस्तं तर औषिद बंद केलं आस्तं त्यांनी. न्हाईतर तुमी गानं बंद केलं आस्तं."

"मामीला?"

"तिला काय सांगू? तुजा आवाज यायचा बंद झाला म्हनून? मानसांत तिचाच पयला गेला, अंजे. दिवाळीच्या आतच. तू पन सांगू नगं."

प्रवीणला मी एवढंच सांगितलं की मामांना गुणगुण हवी आहे. त्यानं आ वासला. "मग जुना अडॅप्टर लाव!" तो जिल्हा परिषदेच्या कुलपात, पृथ्वीच्या गोलाशेजारी, रविवारची सुट्टी उपभोगत होता. इतकी खटपट करून, गल्लीचं पाणी तोडून, झाड मारून, सरांसमोर रडून, मी मामांच्या पायाखालची फळी काढून घेतली होती.

पण गिटार होती. मी मामांचा हात धरून त्यांना माझ्या स्पीकरपाशी नेलं. तो गुडघ्याच्या वर येईल एवढा लाकडी खोका. मी म्हणाले, "बसा." ते बसले. मी खालचा सूर वाजवला, पांढरी पाच, आणि तो थांबू दिला नाही. मामांनी दोन्ही तळवे खोक्याच्या कडांवर टेकले. त्यांचे डोळे एकदम उघडले.

कार्यक्रम असाच झाला. मामा स्पीकरवर बसले, त्यामुळे कार्यकर्ते बेचैन झाले. गायकाला खोक्यावर बसवलं म्हणजे संयोजकांची अब्रू गेली. पहिल्या ओळीला एकजण प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला. मी मानेनं नको म्हटलं. पहिल्या कडव्याला दुसरा लाल गादीची खुर्ची घेऊन आला. दुसऱ्या कडव्याला प्रमुख पाहुणे स्वतः आपल्या खुर्चीवरून उठले आणि "साहेब, इथं बसा" म्हणत पुढं आले, त्यांना हरिबानं ढोलकी वाजवता वाजवता कोपरानं अडवलं. रेकॉर्डिंगवाला हातवारे करत होता, "मॅडम, तुमचा आवाज त्यांच्या माइकमध्ये शिरतोय!" मी म्हणाले, "शिरू दे."

ह्या गाण्यासाठी मी छान चढउतार बसवले होते. सुट्टीभर घासलेली एक जागा होती, ऐकणाऱ्यानं मान वळवून बघावं अशी. त्यातलं काही वाजवलं नाही. सगळं गाणं एक सूर. वर्ग सुरू असताना बाहेर घंटेजवळ उभ्या असलेल्या शिपायासारखी मी तो एकच सूर देत उभी राहिले. नवी पेटी कसलाही आवाज न करता वीज पुरवत होती. तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

मामा सुरात गायले. श्वास पुरत नव्हता, शेवटचं कडवं सोडून द्यावं लागलं, एका ठिकाणी खोकल्यानं गाणं बराच वेळ थांबलं आणि मी तो सूर धरून उभी राहिले. समोर काही बाया डोळ्याला पदर लावून ऐकत होत्या. मागचे लोक पातेल्यांकडे बघत होते. टाळ्या पडल्या, फार नाही. जेवायची वेळ झाली होती.

पंगतीत मी मामीशेजारी बसले. मामा सांगू नको म्हणाले होते. मी वरणात भात कालवत राहिले, मग सगळं सांगून टाकलं.

मामींचा हात ताटातच राहिला. "म्हंजी ते रुसले न्हाईत?"

"रुसले?"

"मला वाटलं, मी मागं बोललते की आता गाणी पुरे करा, घरी पडून ऱ्हावा, म्हनून रुसलेत. मी हाक मारते, बघत न्हाईत. जेवायला वाढते, काय पायजे इचारते, बोलत न्हाईत. मी बी मग लई बोलले त्यांना. नको नको ते बोलले, अंजू. रोज."

"त्यांना काहीच ऐकू आलं नाही मामी."

"एक बरं झालं मग," मामी म्हणाल्या, आणि पदर तोंडात धरून इतक्या रडल्या, की वाढपी लाडूचं ताट घेऊन तसाच पुढे गेला.

मामा मांडवाच्या टोकाला पाठमोरे बसले होते, जेवायला उठत नव्हते. मामींनी तोंड पुसलं, उठल्या, त्यांच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. खाकरून घसा मोकळा केला आणि हनुवटी गळ्याला टेकवून, पोटातून, एखाद्या पाटलानं ओरडावं तसा आवाज काढला:

"सुंदरराऽऽव! जेवून घ्या!"

मांडवातले सगळे पुरुष वळून बघायला लागले. मामाही दचकून वळले, कोण माणूस बोलावतोय म्हणून आधी मामींच्या मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं. मग मामींकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा झाला, की मी मान खाली घातली.

"ओरडू नगं," मामा म्हणाले. "येतंय ऐकू."

मामा पोळ्याच्या आधी गेले. तेवढे महिने मामी घरात त्याच आवाजात बोलल्या. भाजीवाला दारातून "मालक, काय देऊ?" म्हणायचा. त्यांनी मामांना शेजारणीच्या भांडणापासून धाकट्या बहिणीच्या सुनेपर्यंत सगळं त्या आवाजात सांगितलं, आणि मामा ऐकत पडून राहिले. शेवटच्या दिवसांत त्यांना तोही आवाज येत होता का, मला माहीत नाही. मामी बोलत मात्र होत्या.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी लांबचे नातेवाईक आले. मामी प्रत्येकाला "जय भीम, बसा" म्हणत होत्या, त्याच जाड, पुरुषी आवाजात, आणि नवखे लोक एकमेकांकडे बघत होते. साखराबाई आत्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "रडून रडून घसा बसला बिचारीचा."

दुपारी गर्दी पांगल्यावर मी मामींना चहा नेऊन दिला. म्हणाले, "मामी, आता आवाज वर आणा. घशाला त्रास होईल."

मामींनी चहा घेतला, फुंकर मारली.

"कुनासाठी आनू?" त्या म्हणाल्या.